सुटली १०.०७, पोचली १०.०९

अण्णांच्या खिशात कायम एक छोटी डायरी असते. एसटीच्या सातारा विभागात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झाले तरी हात वळवळतोच. कुठंही निघाले की पानावर पाच रकाने आखायचे: कुठून-कुठं, अंतर, सुटली, पोचली, शेरा. लग्नाला कराडला गेले तरी नोंद, दवाखान्यात गेले तरी नोंद.

मे महिन्यात ते माझ्याकडं एडिंबराला आले. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, तिथं विमान बदलून एडिंबरा. घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता डायरी माझ्यापुढं धरली. "हे बघ. अ‍ॅमस्टरडॅमहून सुटलं चार वाजून पाच मिनिटांनी. हितं उतरलो चार पस्तीसला. अंतर किती?"

"साडेसहाशेच्या वर. सहाशे पासष्ट धरा."

"अर्ध्या तासात सहाशे पासष्ट किलोमीटर? मग झोप कशी लागली मला मधी?"

नेदरलँड्सचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढं, म्हणून दीड तासाचा प्रवास कागदावर अर्ध्या तासाचा दिसतो, हे त्यांना पटलं. आवडलं मात्र नाही. अशी वेळ कुणी लॉगशीटवर लिहून आणली असती तर त्यांनी त्या वाहकाला समोर उभं केलं असतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'घड्याळ बदलल्यामुळे नोंद ग्राह्य नाही.'

मग मी त्यांना सांगितलं की याच देशात एक विमानफेरी आहे, जगातली सगळ्यात छोटी. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात वेळ दोन मिनिटं. घड्याळ दोन्हीकडं एकच. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या मध्ये १९६७ पासून लोगनएअरची ही फेरी चालू आहे.

अण्णा पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "दोन मिनिटांत तर आमचा वाहक तिकिटंसुदीक फाडून व्हायचा न्हाई. कधी निघायचं?"

पहिला दिवस, २९ मे: एडिंबरा ते कर्कवॉल

निघण्याआधी आमच्या मुलीच्या पृथ्वीगोलावर अण्णांनी दोरा लावून बघितला. नकाशावरची सरळ रेघ आणि गोलावर ताणलेला दोरा यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. विमानतळांमधलं अंतर मोजतात ते या दोऱ्याचंच. रेखांशाच्या दोन रेघा विषुववृत्तावर एकमेकींपासून १११ किलोमीटर लांब असतात, साताऱ्यात १०६, आणि ऑर्कनीत पोचेपर्यंत त्या निम्म्यावर येतात, जेमतेम ५७. सपाट नकाशात मात्र त्या सगळीकडं सारख्याच लांब दाखवतात. म्हणून युरोपचा वरचा भाग भिंतीवर अवाढव्य दिसतो.

कर्कवॉल म्हणजे ऑर्कनीचं मुख्य गाव. एडिंबरा-कर्कवॉल हवाई अंतर सुमारे ३३५ किलोमीटर. रस्त्यानं जायचं तर इन्व्हरनेसवरून थेट उत्तर टोकाला स्क्रॅब्स्टर बंदर गाठायचं, चारशेच्या वर किलोमीटर, आणि पुढं स्ट्रॉम्नेसपर्यंत दीड तासाची बोट. त्या वाटेवर 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' नावाचा १३७ मीटर उंच दगडी सुळका समुद्रातून वर आलेला दिसतो. तो बघायला मिळाला नाही याची मला थोडी चुटपुट आहे. अण्णांना विमानच हवं होतं.

पंखेवालं एटीआर विमान. डायरीतली नोंद अशी: दार बंद ११.१०, जमीन सोडली ११.२६, जमिनीला टेकलं १२.१७, थांबलं १२.२१. म्हणजे तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास, त्यातली हवेतली मिनिटं ५१. विमानवाले वेळ मोजतात ती चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंत. हे मी सांगितलं तेव्हा अण्णांचा चेहरा उजळला. "आमच्याकडं दगड लावायचे चढाला. तेच की!" वेळापत्रकात थोडी सूट धरूनच वेळ छापतात, हेही त्यांना मी सांगायची गरज नव्हती. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात बारा किलोमीटरला अर्धा तास कुणी धरला आणि का धरला, यावर त्यांनी उतरेपर्यंत माझा वर्ग घेतला.

कर्कवॉलचा विमानतळ १९४० साली युद्धासाठी बांधलेला. इमारतीवर त्याचं जुनं नाव व्हायकिंगांच्या रून लिपीत कोरल्यासारखं लिहिलंय. काठ्या-काठ्यांची अक्षरं. आपल्याकडं मोडी वाचणारे जसे दुर्मीळ, तसंच इथंही असावं.

दुसरा दिवस, ३० मे: कर्कवॉल

हा दिवस हातचा राखून ठेवलेला. सकाळी सेंट मॅग्नस कॅथेड्रल बघितलं. लाल वालुकाश्माचं, ११३७ साली बांधायला घेतलेलं. तेव्हा ही बेटं नॉर्वेची होती. १४६८ साली राजकन्या मार्गारेटच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडं गहाण पडली, आणि हुंडा काही चुकता झाला नाही. "मग जप्ती," अण्णा म्हणाले.

दुपारी बसनं स्कारा ब्रे. १८५० च्या वादळानं वाळूचा ढिगारा उडाला आणि खाली पाच हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, दगडी पलंग-फडताळांसकट. गर्दी होती, वारा होता, आम्ही तासाभरात परतलो.

दिवसाची खरी कमाई संध्याकाळच्या पानात होती. मुक्कामाच्या घरी बाईंनी 'बेअर बॅनक' वाढला. बेअर हे इथलं जुनं, बुटकं जव. त्याचं पीठ अजूनही बर्सेजवळच्या पाणचक्कीवर दळतात. पिठाचा रंग मळकट तपकिरी, तव्यावर भाजलेला बोटभर जाड गोल, वर पिठाचा भुरका. अण्णांनी तो हातात घेऊन उलटा केला, खालचा डाग बघितला, कड मोडली. मग उठून पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. बाईंनीही चटणी घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी परत घेतली. तोपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि बाहेर चक्क ऊन होतं. दहानंतर सूर्य मावळला, पण अंधार असा पडलाच नाही. राखाडी उजेड रात्रभर टिकतो. त्याला इथले लोक 'ग्रिमलिन्स' म्हणतात. अण्णांना झोप लागेना. खिडकीला माझं जॅकेट टांगलं तेव्हा कुठं घोरायला लागले.

तिसरा दिवस, ३१ मे: हार

आमचं वेस्ट्रेचं विमान सकाळचं होतं. वेस्ट्रेला उतरायचं, गाव बघायचं आणि दुपारच्या फेरीनं ती दोन मिनिटांची उडी मारायची, असा बेत.

सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरचं घर नव्हतं, रस्ता नव्हता. समुद्रावरून येणाऱ्या या दाट धुक्याला स्कॉटलंडमध्ये 'हार' म्हणतात. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं. "हार? म्हणजे गळ्यात घालायचा का खायची?"

खायचीच निघाली. विमानतळावर आधी एक तास उशीर, मग दोन, मग फेरी रद्द. बेटावरच्या छोट्या धावपट्टीवर वैमानिकाला डोळ्यांनी जमीन दिसावी लागते. काउंटरवरच्या मुलीनं दुसऱ्या दिवशीची जागा दिली, आणि शांतपणे म्हणाली की बोट चालू आहे. अण्णांचा जीव हळहळला, पण रागावले नाहीत. घाटात धुकं उतरलं की आपण स्वतः गाड्या कशा थांबवून ठेवल्यात हे त्यांना आठवत होतं. तिथल्या बाकावर बसून त्यांनी शेरा लिहिला, 'धुक्यामुळे फेरी रद्द. नियंत्रकाचा निर्णय योग्य.'

कर्कवॉल ते वेस्ट्रे हवाई अंतर ४४ किलोमीटर, विमानाला पंधरा मिनिटं. बोटीला रॅपनेस धक्क्यापर्यंत एक तास पंचवीस मिनिटं. बोटीत शेजारी गुरांचा ट्रक होता. धुक्यात दिसायला काही नसल्यामुळं अण्णा त्या ट्रकच्या चालकाशी बोलत बसले. एकाचं इंग्रजी साताऱ्याचं, दुसऱ्याचं ऑर्कनीचं. काय बोलले देव जाणे, पण दोघांनीही एकमेकांना टायर दाखवले.

धक्क्यावर पिअरोवॉल गावाला जाणारी बस उभीच होती. बोट आल्याशिवाय ती सुटत नाही. 'जोडगाडी', अण्णांनी मान डोलावली.

पिअरोवॉलच्या वारसा केंद्रात एक मूर्ती आहे, ती बघायचीच असं मी ठरवून आलो होतो. २००९ साली लिंक्स ऑफ नॉल्टलंडच्या उत्खननात सापडली. स्कॉटलंडमध्ये मिळालेली माणसाची सगळ्यात जुनी आकृती. मोठी असेल म्हणून अण्णा भिंतींकडं बघत होते, आणि ती काचेच्या पेटीत होती. ४१ मिलिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढी. वालुकाश्माचा चपटा तुकडा, वर गोल डोकं, डोळ्यांचे दोन ठिपके, वर भुवयांची रेघ, अंगावर आडव्याउभ्या ओरखड्यांचं कापड. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "खेळणं असंल गं एखाद्या पोरीचं." तिथं आमच्याशिवाय कुणीही नव्हतं. ते मूर्तीशीच बोलले.

संध्याकाळी धुकं फाटलं आणि खाडीपलीकडं पापा वेस्ट्रे दिसलं. बुटकं, हिरवं, हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. अण्णांना बामणोली आठवलं. कोयनेच्या पाण्यापलीकडचं गाव दिसतं, तिथल्या घरातला धूर दिसतो, पण रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस. म्हणून तिथं लाँच. इथंही पिअरोवॉलहून बोट जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. म्हणजे विमान हौसेसाठी आहे की काय? तसं नाही. समुद्र खवळला की छोटी बोट बंद पडते. शिक्षक, डॉक्टर, पेशंट यांना थांबून चालत नाही. शिवाय तेच विमान कर्कवॉलहून येतं आणि दोन्ही बेटं करून परत जातं. दोन थांब्यांमधलं अंतर कमी आहे म्हणून ती वेगळी गाडी ठरत नाही. ही मांडणी अण्णांची. मी इतके दिवस ही फेरी म्हणजे गंमत समजत होतो.

रात्री झोपताना ते एकदम उठून बसले. "उद्या एक जून."

एक जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. आमच्या घरी हा दिवस वाढदिवसासारखा असतो. "बघ," ते म्हणाले, "हार झाली ती बरी झाली."

चौथा दिवस, १ जून: वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

वेस्ट्रेचा विमानतळ म्हणजे कुरणात एक बुटकी खोली, एक अग्निशमनाची गाडी आणि वारा दाखवणारा कापडी बोंडगा. धावपट्ट्या वेगवेगळ्या दिशांना, कारण इथं वारा म्हणेल ती दिशा. कुंपणापलीकडं गाई चरत होत्या. आमच्याबरोबर आणखी दोघं. सामानासकट वजनं झाली. विमान छोटं असलं की कोण कुठं बसणार हे वजनावर ठरतं.

अण्णांच्या वाट्याला वैमानिकाशेजारची जागा आली.

मी मागं बसलो होतो, त्यामुळं मला त्यांची पाठ आणि एक कान दिसत होता. तो कान लाल झाला होता. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन इंजिनांचं, पंख डोक्यावर, आत व्हॅनसारख्या रांगा, प्रवासी जास्तीत जास्त आठ-नऊ. वैमानिकानं मागं वळून पट्टे लावा, दारं इकडं, जॅकेट खाली, एवढं सांगितलं आणि पुढं वळला. मधे ना दार ना पडदा. त्याच्यापुढचे सगळे काटे अण्णांना दिसत होते.

ठरलेली वेळ १०.०५. चाकं हलली १०.०७ ला. विमानानं वाऱ्याकडं तोंड केलं, खडीवर थरथरत धावलं, आणि काही कळायच्या आत गाई खाली गेल्या. मी मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू केलं. डावीकडं वळण. खाली पापा साउंडचं पाणी, काठाला पोपटी, मधे गडद निळं, त्यावर आमचीच सावली पळत होती. उंची इतकी कमी, की खडकावर पहुडलेले सील मोजता आले असते. मोजायला वेळ असता तर. तोवर पलीकडचा किनारा आला, दगडी बांध, मेंढरं, एक घर, दोरीवरचे कपडे. पुन्हा एक वळण, इंजिनाचा आवाज उतरला, आणि चाकं खडीला लागली.

एक मिनिट अडतीस सेकंद.

या फेरीचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे. आयलंडरचा हवेतला वेग ताशी दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. त्या वेगानं २.७ किलोमीटरला चाळीस सेकंद लागतात. त्यात उडणं-उतरणं आलं, म्हणजे ५३ सेकंद ही कमालच. त्यासाठी वारा आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्या एका रेघेत जुळाव्या लागतात. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. आमचा वारा नैऋत्येचा आणि बेट पूर्वेला, म्हणून दोन वळणं घ्यावी लागली. एडिंबराच्या विमानतळाची धावपट्टीसुद्धा अडीच किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे आम्ही उडालो तेवढं अंतर मोठं विमान नुसतं जमिनीवर धावत काढतं.

पंखे थांबल्यावर अण्णांनी खिशातून डायरी काढली. वैमानिकाला वाटलं ऑटोग्राफ. अण्णांनी रकान्यावर बोट ठेवलं. "डिपार्चर, अरायव्हल, साइन." त्यानं हातातल्या घड्याळाकडं बघून १०.०७ आणि १०.०९ लिहिलं, खाली सही केली. अण्णांनी सही तपासली. मग मला मराठीत म्हणाले, "सांग त्याला, दोन मिनिटं उशिरा सुटली. दोन मिनिटांच्या फेरीला दोन मिनिटं लेट, म्हंजे शंभर टक्के लेट."

मी सांगितलं. तो इतका हसला की अग्निशमनाच्या गाडीजवळचा माणूस बघायला आला.

बेट साडेसहा किलोमीटर लांब, शंभराच्या आत वस्ती. इथले लोक त्याला 'पापे' म्हणतात. दुकान एकच आणि ते गावाच्या सहकारी संस्थेचं, हॉस्टेलही त्यांचंच. अण्णांनी दारावरची पाटी वाचून घेतली आणि "सोसायटी हाय की!" म्हणत असे आत शिरले, जणू सभासद आहेत.

दुपारी किनाऱ्यानं चालत 'नॅप ऑफ हॉवर' गाठलं. इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमाराची दोन दगडी घरं. उत्तर युरोपात उभ्या असलेल्या घरांमध्ये सगळ्यात जुन्यांत यांची गणना. ना तिकीट, ना पहारा. कुरणातून उतरायचं आणि वाकून आत जायचं. दार कमरेएवढं, समुद्राकडं तोंड. भिंती दगडावर दगड रचलेल्या, मधे चुना नाही. एका घरातून दुसऱ्यात जायला भिंतीतूनच बोळ. आत गेल्यावर वारा एकदम बंद झाला, कान मोकळे झाले.

जमिनीवर एक दगड होता, मधे खोलगट झिजलेला. धान्य वाटायचा. आपल्या पाट्यासारखाच. अण्णा त्याच्याजवळ उकिडवे बसले, खोलग्यात तळवा ठेवला आणि पुढं-मागं नेला. दोनदा. आमच्या आईचा पाटा अजून साताऱ्याच्या परसात पालथा पडलाय. आई जाऊन सहा वर्षं झाली. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

परतताना उत्तरेच्या माळावरून यायची हौस मला नडली. तिथं आर्क्टिक टर्न पक्ष्यांची वीण चालू होती. ते सरळ डोक्यावर झेप घेतात आणि चोच मारतात. अण्णांनी छत्री उघडली. मी पळालो. पुढं कड्याजवळ ग्रेट ऑक या नामशेष झालेल्या पक्ष्याचं छोटं स्मारक आहे. १८१३ मध्ये इथला नर संग्रहासाठी मारला गेला. रात्री मी अण्णांना वाचून दाखवलं की हे टर्न ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाऊन येतात, वर्षाला सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास. अण्णांनी टर्नचीही नोंद केली. सुटली आणि पोचली हे रकाने मोकळे ठेवले. शेरा: 'प्रवाशांवर हल्ला.'

पाचवा दिवस, २ जून: परत

पापेहून थेट कर्कवॉल, तिथून एडिंबरा, पुढं ट्राम. आकाश स्वच्छ, सगळं वेळेवर, लिहिण्यासारखं काही नाही. ट्राममध्ये अण्णांनी बेरीज केली. एडिंबरा सोडल्यापासून ती फेरी संपेपर्यंत तीन दिवस, त्यातली हवेतली मिनिटं त्रेपन्न.

घरी आल्यावर मी डायरी चाळली. पुढच्या आठवड्यात त्यांना परत जायचं होतं, ते पान आधीच आखून तयार होतं. एडिंबरा-अ‍ॅमस्टरडॅम, ६६५ किमी, सुटणार ११.००, पोचणार १.३०. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'येताना मिळालेला एक तास जमा करावा लागेल.'